सडा, माळ आणि पडीक : भूमी-आवरणाच्या वर्गीकरणातील संज्ञांचा विचार

एखाद्या गावाच्या किंवा तालुक्याच्या नैसर्गिक संपत्तीचे रक्षण करावयाचे असेल, तर त्या भूमीवर प्रथम काय आहे ते पाहिले पाहिजे. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणासही वाटेल. तथापि ‘काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर नकाशावर उतरविताना प्रत्येक भूखंडाला एक नाव द्यावे लागते, आणि नाव देण्याची क्रिया पाहण्याच्या क्रियेइतकी निरुपद्रवी नसते. नकाशाच्या कोपऱ्यात रंगीत चौकटींपुढे जी दहावीस नावे छापलेली असतात, ती चिन्हसूची म्हणजे एक लहानसा शब्दकोशच होय. त्या कोशात ज्या वस्तूची नोंद नाही ती नकाशावर येऊ शकत नाही. आणि जी नकाशावर आली नाही तिच्या रक्षणाची तरतूद योजनेत सहसा होत नाही. प्रस्तुत लेखक भूगोलाचा किंवा वनस्पतिशास्त्राचा नव्हे, भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. त्याने या क्षेत्रात पाऊल टाकण्याचे समर्थन एवढेच, की येथील कित्येक वाद वरकरणी भूमीविषयीचे दिसले तरी मुळात ते संज्ञांविषयीचे आहेत.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भूमी-आवरण म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष जे दिसते ते : झाडोरा, गवत, उघडा खडक, पाणी, पीक, घरे. भूमी-उपयोग म्हणजे मनुष्य त्या जमिनीचे जे करतो ते. या दोहोंखेरीज तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे जमिनीचा हक्क आणि तिच्यावरील सारा यांची दप्तरातील नोंद. ‘गवताळ जमीन’ हे आवरणाचे नाव, ‘कुरण’ हे उपयोगाचे नाव आणि ‘गायरान’ हे प्राधान्याने हक्काचे नाव. आणि ही तिन्ही नावे एकाच भूखंडाला एकाच वेळी लागू पडू शकतात. व्यवहारात आपण ती एकमेकांच्या जागी वापरतो व त्यामुळे फारसे बिघडत नाही. परंतु एकाच चिन्हसूचीत ती शेजारी शेजारी बसविली, की नकाशा करणाऱ्याला एका भूखंडाविषयी तीन खऱ्या गोष्टींपैकी एकच सांगता येते, व उरलेल्या दोन पुसून टाकाव्या लागतात.

हा प्रकार किती महागात पडू शकतो हे पाहण्यासाठी कोकणातील सड्याचे उदाहरण घ्यावे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत समुद्रकिनारा आणि सह्याद्रीचा पायथा यांच्या दरम्यान जांभ्या दगडाची सपाट माथ्याची जी पठारे पसरलेली आहेत, त्यांना तेथील लोक सडा म्हणतात. त्यांतील उघड्या खडकाच्या भागाला कातळ हाही शब्द चालतो. वैशाखात सड्यावर उभे राहिले तर काळपट, तापलेला, भेगाळलेला खडक आणि खोलगट जागी वाळलेल्या गवताची खुरटी दाढी यांपलीकडे काही दिसत नाही. मृगाच्या पावसानंतर चित्र पालटू लागते. जांभ्याच्या उथळ खळग्यांत पाणी साचते, बोटभर मातीच्या थरात बी रुजते, आणि श्रावण-भाद्रपदात तोच खडक गेंद, सीतेची आसवे, तेरड्याच्या जाती आणि नाना प्रकारची गवते यांनी झाकून जातो. सीतेची आसवे या नाजूक नावाची वनस्पती कीटकभक्षी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या मातीत नत्राचे प्रमाण अत्यल्प असल्याने सूक्ष्म जीव पकडून ती आपली उणीव भरून काढते. अशा कठीण परिस्थितीशी जुळवून घेतलेल्या वनस्पतींपैकी कित्येक अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. रत्नागिरी परिसरातील दीपकाडी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. साताऱ्याजवळील कास पठार हे याच प्रकारच्या भूमीचे घाटमाथ्यावरील रूप. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला त्यांत कासही आहे. परंतु कासला जे भाग्य लाभले ते कोकणातील सड्यांना लाभलेले नाही, आणि त्याचे एक कारण सड्याला दिल्या जाणाऱ्या नावांत दडलेले आहे.

सातबाऱ्यावर यांपैकी पुष्कळ जमीन ‘पोटखराबा’ किंवा ‘पड’ या रकान्यांत असते. उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या नकाशावर ती ‘ओसाड खडकाळ जमीन’ किंवा ‘विरळ झुडपांची जमीन’ या रंगात दिसते. या दोन नोंदी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असा वाचकाचा समज होतो, आणि दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगत असल्याने ती खरी असणार असे त्याला वाटते. वस्तुतः दोघांचे कुळ एकच आहे.

मुंबई इलाख्यात रॉबर्ट प्रिंगल याची पहिली मोजणी अयशस्वी ठरल्यावर, १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीने जमीन मोजण्यास व प्रतवारी लावण्यास प्रारंभ केला. मातीचा पोत व खोली पाहून प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरवावयाची, सोळा आणे म्हणजे सर्वोत्तम, असा त्या पद्धतीचा गाभा होता. ती आपल्या कामापुरती अतिशय काटेकोर होती, हे मान्य केले पाहिजे. मात्र तिचे काम एकच होते : ही जमीन किती सारा देऊ शकेल? जी जमीन नांगराखाली येऊ शकत नाही तिच्याविषयी या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असेच येणार. या ‘काही नाही’चे दप्तरी नाव खराबा. म्हणजे हा शब्द भूमीचे वर्णन करीत नाही. सरकारी तिजोरीला तिच्यापासून काय मिळणार नाही ते तो सांगतो. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर ते अभाववाचक नाम आहे. अशा नामाने सड्यावरील कातळ, नदीकाठची दरड आणि ओढ्याचे पात्र यांना एकाच दावणीला बांधले जाते, कारण त्यांच्यात नसलेली गोष्ट एकच आहे. असलेल्या गोष्टी किती भिन्न आहेत, याची चौकशी त्या नामाला करावयाची नसते.

पुढे १९८५ साली राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले आणि २००० सालापासून देशातील पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध होऊ लागले; त्यांची अगदी अलीकडची आवृत्ती २०१९ सालची आहे. साधने सर्वस्वी नवी, उपग्रहांची. परंतु ‘पडीक’ ही मूळ कोटी जुनीच राहिली. घनदाट आणि विरळ झुडपांची जमीन, निकृष्ट झालेली चराऊ जमीन, ओसाड खडकाळ प्रदेश हे तिचे पोटभेद होत. ‘पडीक’ हा शब्द एकदा मथळ्यावर बसला, की त्याखालील प्रत्येक भूखंडाविषयी ‘हिचा उपयोग कशाकडे करता येईल?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘ही जमीन सध्या कोणते कार्य करीत आहे?’ हा प्रश्न उभा राहत नाही, कारण पडलेली वस्तू काही करीत नसते. चिरेखाणी, वीजप्रकल्प, वृक्षारोपण यांसाठी जागा निवडताना पहिली नजर अशा जमिनीकडे वळते, यात नवल नाही.

वनविषयक वर्गीकरणाची कथाही याहून फार निराळी नाही. चॅम्पियन याने १९३६ साली केलेले आणि सेठ यांच्यासह १९६८ साली सुधारून प्रसिद्ध केलेले भारतीय वनप्रकारांचे वर्गीकरण हे आपल्याकडील वनशास्त्राचे व्याकरण म्हणता येईल. हवामानावरून गट, त्यांत पोटगट, आणि त्यांखाली स्थानिक परिस्थितीने घडलेले प्रकार अशी त्याची भव्य रचना आहे. त्या रचनेत कोरड्या गवताळ प्रदेशाला जागा मिळते ती शुष्क पानझडी वनाची ऱ्हासावस्था म्हणून. गवत म्हणजे न झालेले किंवा बिघडलेले वन, हे गृहीत त्यात अनुस्यूत आहे. काही ठिकाणी ते खरे असेलही. परंतु दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील माळरानांविषयी आता ते सहज स्वीकारता येत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे व भूदृश्यांचे उल्लेख तपासण्यात आले, व त्यांतून बाभूळ, तरवड यांसारख्या उघड्या माळावरील वनस्पतींचाच परिसर प्रामुख्याने पुढे आला. शेकडो वर्षांपूर्वीही तेथे माळच होता, असे त्याचे तात्पर्य. भाषेच्या अभ्यासकांनी आपल्या ग्रंथालयातील सामग्रीकडे या दृष्टीने पाहावे, अशी सूचना करण्याचा मोह येथे आवरत नाही.

न्यायालयांनाही शब्दार्थाच्या प्रश्नात पडावे लागले आहे. गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की ‘वन’ या शब्दाचा अर्थ मालकी कोणाचीही असली तरी शब्दकोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा. या आदेशाने खाजगी आणि महसुली जमिनींवरील कितीतरी वृक्षराजी वाचली, हे निर्विवाद आहे. परंतु कोशातील अर्थ घ्यावयाचा म्हणजे झाडांचाच विचार करावयाचा. ज्या जमिनीवर झाडे नाहीत आणि स्वभावतः असू नयेत, तिला कोशाचा हा आश्रय मिळणे कठीण. २०२३ साली वनसंरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने व्याप्तीचा हा वाद पुन्हा उभा केला असला तरी त्या वादातही गवत आणि कातळ हे पक्षकार नाहीत.

याच्या जोडीला भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या ठेवून पाहावी. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर वृक्षांच्या छत्राची घनता १० टक्के वा अधिक आहे, ती मालकी, कायदेशीर दर्जा आणि वृक्षांची जात यांचा विचार न करता ‘वनावरण’ धरली जाते. मोजण्याच्या सोयीसाठी ही व्याख्या सुटसुटीत आहे व तिच्यामुळे वर्षावर्षांची तुलना करता येते. परंतु तिचा सड्यावर होणारा परिणाम ध्यानात घ्या. कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून, त्यांत कलमे लावण्याची रीत रत्नागिरीच्या बागाईतदारांनी मोठ्या कष्टाने रुजविली आहे. त्यांच्या उद्योगाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु अशी बाग वाढून तिचे छत्र दहा टक्क्यांपलीकडे गेले, की हिशेबात ‘वनावरण’ वाढते, आणि ज्या कातळावर पावसाळ्यात दुर्मिळ वनस्पतींचा समूह उगवत असे तो नाहीसा झाल्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. तोट्याची बाजू वहीत मुळी नसलेला जमाखर्च तो हाच.

मग वर्गीकरण करावे तरी कसे? या बाबतीत भाषाशास्त्रज्ञाला परिचित वाटेल असा एक मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २००० साली पुढे ठेवला. डी ग्रेगोरिओ आणि यान्सेन यांनी सिद्ध केलेल्या त्या पद्धतीत आधी वर्गांची नावे ठरवून भूखंड त्यांत कोंबावयाचे नसतात. आधी लक्षणे ठरवावयाची आणि लक्षणांच्या समुच्चयातून वर्ग सिद्ध होऊ द्यावयाचा. पहिला भेद वनस्पतियुक्त आणि वनस्पतिरहित असा. दुसरा कोरडी भूमी आणि पाण्याखालील किंवा नियमाने पाण्याखाली जाणारी भूमी असा. तिसरा लागवडीची वा मनुष्यनिर्मित आणि नैसर्गिक वा अर्धनैसर्गिक असा. या तीन द्विभाजनांतून आठ मूळ वर्ग निघतात, आणि पुढे प्रत्येकात वनस्पतींचे रूप, आच्छादनाचे प्रमाण, उंची अशी लक्षणे जोडीत जावयाचे. त्रुबेत्स्कॉय आणि याकोबसन यांनी वर्णांचे वर्णन व्यवच्छेदक लक्षणांनी केले, त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. ‘प’ आणि ‘ब’ यांना आपण दोन स्वतंत्र नावांनी ओळखतो खरे, पण शास्त्रदृष्ट्या त्यांतील भेद घोषत्वाच्या एका लक्षणाचा आहे.

या पद्धतीतील एक तपशील सड्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. भूमी वनस्पतियुक्त मानण्यासाठी तिच्यावर वर्षातून किमान दोन महिने किमान ४ टक्के वनस्पति-आच्छादन असावे, एवढीच अट तेथे घातलेली आहे. सडा या अटीत सहज बसतो. म्हणजे ‘ओसाड खडक’ हे त्याचे वर्णन केवळ अपुरे नसून, मान्य निकषाप्रमाणे सरळसरळ चुकीचे ठरते. गंमत अशी, की तेथील काही भाग दुसऱ्या द्विभाजनाच्याही कसोटीला उतरतात : चार महिने पाणी, आठ महिने कोरडा खडक. अशा जागेला कोरडी म्हणावे की पाणथळ? येथे पद्धतीचा दोष नाही. निदान प्रश्न नेमका विचारला जातो, आणि उत्तर देणाऱ्याला ऋतूचा उल्लेख केल्यावाचून गत्यंतर उरत नाही. तिसरे द्विभाजन मात्र खरोखर अवघड आहे. प्रतिवर्षी गवत कापले जाते, क्वचित जाळले जाते, गुरे चरतात, असा सडा नैसर्गिक की अर्धनैसर्गिक? माझे मत असे, की स्थानिक योजनेसाठी या प्रश्नावर काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. नांगर, सुरुंग व भराव झाला आहे की नाही एवढे नोंदवावे, आणि कापणी, चराई व वणवा यांना वर्गाच्या नावात न घालता भूखंडाच्या स्थितीच्या रकान्यात लिहावे. वर्ग आणि स्थिती यांची गल्लत केली की ‘निकृष्ट चराऊ जमीन’ असले संकर तयार होतात, ज्यांत वर्णन किती आणि निकाल किती हे सांगता येत नाही.

आता लोकांच्या भाषेकडे वळू. जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि २००४ च्या नियमांनुसार त्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची. या वहीत वनस्पती व प्राणी यांच्याबरोबर गावाच्या भूदृश्याचीही नोंद अभिप्रेत आहे. गावपातळीवरील संरक्षण-योजनेचा खरा पाया ही वही होऊ शकते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा देशभर वह्या घाईने भरल्या गेल्या. आणि घाईत भरलेल्या वहीत लोकांचे शब्द येण्यापेक्षा छापील नमुन्यातले शब्दच परत येतात, हे सांगावयास नको.

लोकांचे शब्द घ्यावेत असे म्हणणे सोपे आहे. पण तेही डोळे मिटून घेता येत नाहीत. ‘रान’ हा शब्द पाहा. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात रान म्हणजे जंगल, झाडोरा. देशावर ‘रानात गेलाय’ याचा अर्थ शेतात गेला आहे असा होतो, आणि ‘रान नांगरले’ हे वाक्य तेथे पूर्णपणे स्वाभाविक आहे. दोन जिल्ह्यांच्या वह्यांतील ‘रान’ एकत्र करून बेरीज मांडणारा अभ्यासक ज्वारीचे शेत आणि जंगल एकाच रकान्यात घालील. ‘बेट’ म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन, तसेच बांबूचा पुंजकाही. ‘राई’ दाट झाडीची असते आणि फोडणीतही असते. संदर्भाने घोटाळा होत नाही खरा, पण संगणकीय यादीत संदर्भ नसतो. देवाच्या नावाने राखलेल्या झाडीला घाटावर देवराई म्हणतात, दक्षिण कोकणात देवरहाटी. ‘माळ’ आणि ‘मळा’ यांत एका स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाचा आणि एका अंत्यस्वराचा फरक. पण एक कोरडवाहू उघडी जमीन, तर दुसरी पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्याची बागाईत. परप्रांतीय सर्वेक्षकाच्या रोमन लिपीतील टिपणात हे दोन शब्द जवळजवळ सारखेच उमटतात.

कोकणातील ‘वरकस’ हा शब्द तर अभ्यासाला फारच उद्बोधक आहे. भातखाचराच्या वरच्या अंगाची, उताराची, हलकी जमीन ती वरकस. तीवर नाचणी-वरी पिकते, गवत येते, आणि भाताच्या राबासाठी लागणारा पालापाचोळाही तिच्यावरूनच येतो. म्हणजे या एका शब्दात आवरण आहे, उपयोग आहे आणि खाली असलेल्या भातशेतीशी असलेले नातेही आहे. तो भूमी-आवरणाचे नाव म्हणून घेता येणार नाही, कारण वरकस कधी गवताळ असते, कधी झुडपी, कधी पिकाखाली. परंतु तो टाकूनही देता येणार नाही; कारण गावाची योजना आखताना वरची जमीन आणि खालचे खाचर यांचा संबंध सांगणारा दुसरा शब्द शास्त्रीय चिन्हसूचीत नाही.

म्हणून क्षेत्रकार्यात भाषाशास्त्रातील एक जुनी शिस्त उपयोगी पडेल असे वाटते. ग्रामस्थाला ओट्यावर बसवून ‘तुमच्याकडे जमिनीचे किती प्रकार?’ असे विचारू नये. अशा प्रश्नाला तलाठ्याच्या शब्दांत उत्तर येते : जिरायत, बागाईत, पड. त्याच्याबरोबर चालावे, आणि लघुतम भेदाची जोडी मिळेपर्यंत विचारीत राहावे : हा सडा म्हणता, मग पलीकडचा तो सडा का नव्हे? उत्तर ‘तिथे माती आहे’ असे आले तर मातीचा थर हे व्यवच्छेदक लक्षण ठरते. ‘तिथे पाणी राहते’ असे आले तर पाणी. गुराखी, गवत कापणाऱ्या बाया आणि चिरेखाणीवर काम करणारा मनुष्य हे तिघे त्याच सड्याचे तीन निरनिराळे विभाग पाडतील. तिन्ही नोंदवावेत. कोणाचा खरा हे ठरविण्याची सर्वेक्षकाला गरज नाही.

प्रमाण आणि काळ यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १:५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर एक हेक्टर जमीन दोन मिलिमीटर बाजूच्या चौकोनात मावते, आणि साधारणपणे याहून लहान आकृती त्यावर दाखवीत नाहीत. सड्यावरील पावसाळी तळी, देवरहाटीचा तुकडा, कड्याखालचा पाझर हे सर्व त्याहून लहान असू शकतात. तोच नकाशा १:१०,००० या प्रमाणावर काढला तर दोन मिलिमीटरांचा चौकोन ४०० चौरस मीटरांचा होतो, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांचा. गावाच्या योजनेला एवढे बारकावे पुरेसे आहेत. इंग्लंडमध्ये डडले स्टॅम्प याने १९३० च्या दशकात मैलाला सहा इंच या प्रमाणाच्या नकाशांवर शेतन्‌शेत हिंडून देशाचा भूमी-उपयोग नोंदविला, आणि ते काम मोठ्या अंशी शाळांतील मुलांकडून व शिक्षकांकडून करवून घेतले. आपल्या महाविद्यालयांना हे अशक्य आहे असे मानण्याचे कारण दिसत नाही.

काळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. दृश्य प्रकाशावर चालणारे उपग्रह ढगांपलीकडचे पाहू शकत नाहीत. सडा ज्या महिन्यांत बहरलेला असतो नेमक्या त्याच महिन्यांत कोकणावर ढगांचे आच्छादन असते. निरभ्र चित्रे मिळतात ती दिवाळीनंतरची, आणि तोवर पुष्कळशा वनस्पतींचे जीवनचक्र संपलेले असते. रडार उपग्रह ढगांतून पाहतात, परंतु गेंद आणि गवत यांतील भेद ते सांगू शकत नाहीत. तात्पर्य, येथे पायी हिंडण्याला पर्याय नाही. आणि ते हिंडणे एकदा नव्हे, भर पावसाळ्यात, पावसाळा सरताना आणि उन्हाळ्यात, असे किमान तीनदा झाले पाहिजे. नोंदीवर महिना लिहिलेला नसेल तर ती नोंद निरर्थक समजावी.

नकाशा तयार झाल्यावर त्याची पारख करण्याची रीतही विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण तेथे आकडे मोठे फसवे असतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. नकाशावरील १०० ठिकाणे निवडून प्रत्यक्ष जाऊन पाहिली. नकाशाने झाडी म्हटलेली ३० ठिकाणे झाडीचीच निघाली; शेती म्हटलेली १६ शेतीचीच; सडा म्हटलेली १४ सड्याचीच. उघडा खडक म्हटलेल्या ४० ठिकाणांपैकी मात्र २४ खरोखर खडकाची होती आणि उरलेली १६ सड्याच्या वनस्पतींची निघाली. एकंदर ८४ ठिकाणे बरोबर. अहवालात ‘अचूकता ८४ टक्के’ असे अभिमानाने छापले जाईल. परंतु प्रत्यक्षात सड्याची ठिकाणे ३० होती आणि त्यांतील १४ च नकाशाने ओळखली, म्हणजे केवळ ४७ टक्के. ज्या वर्गासाठी योजना आखावयाची, नेमका तोच वर्ग अर्ध्याहून अधिक गमावलेला आहे. उलट नकाशा वाचणारा मनुष्य ‘सडा’ या रंगावर बोट ठेवील तर तो शंभर टक्के बरोबर असेल. या दोन अचूकता निराळ्या आहेत : एक नकाशाने काय सोडून दिले ते सांगते, दुसरी नकाशाने जे म्हटले त्यावर किती विसंबावे ते सांगते. संरक्षणाच्या कामात पहिली अधिक महत्त्वाची, आणि अहवालांच्या सारांशात दोघींऐवजी एकंदर आकडाच दिलेला असतो.

देशावरील माळांची स्थिती सड्याहून वेगळी नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. या पक्ष्याला दूरवर दृष्टी पोहोचेल असा उघडा गवताळ प्रदेश लागतो. त्याच्या माळावर झाडे लावणे म्हणजे त्याचे घर मोडणे. परंतु ज्या चिन्हसूचीत माळ म्हणजे ‘न झालेले वन’, तिच्यानुसार तेथे झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. ‘अभयारण्य’ या शब्दातच अरण्य आहे, आणि माळढोकाला अरण्य नको आहे, ही विसंगती आमच्या परिभाषेने अजून दूर केलेली नाही.

नोंदवहीसाठी व्यवहार्य मांडणी मला दिसते ती अशी. प्रत्येक भूखंडापुढे तीन निराळे रकाने असावेत. पहिल्यात लक्षणांवरून सिद्ध झालेले आवरणाचे वर्णन, महिन्यासह. उदाहरणार्थ, ‘जांभ्यावरील ऋतुकालिक वनस्पती, ऑगस्टमध्ये आच्छादन अमुक टक्के, मातीचा थर तीन अंगुळांहून कमी’. दुसऱ्यात स्थानिक नाव आणि ते कोणत्या व्यवसायाच्या माणसाने सांगितले ते. तिसऱ्यात महसुली नोंद, जशी सातबाऱ्यावर असेल तशी. पोटखराबा हा शब्द तेथे राहू द्यावा. तो तेथे खराच आहे. तो तिसऱ्या रकान्यातून पहिल्यात येऊ देऊ नये, एवढीच काळजी घ्यावयाची. सड्याचा बराचसा भाग खाजगी मालकीचा असल्याने मालकाला ही वही दाखवावी लागणार आहे, आणि आपल्या जमिनीवर शासनाची नजर पडली अशी शंका त्याला येणे स्वाभाविक आहे. त्याला आपल्या विहिरीच्या पाण्याविषयी सांगितल्यास तो ऐकतो. सड्यावर पडलेले पाणी जांभ्याच्या छिद्रांतून झिरपून उताराच्या पायथ्याशी पाझरते, आणि खालच्या वाडीचे झरे व विहिरी त्यावर पुष्कळ अंशी अवलंबून असतात.

यावरून सीमारेषेचा प्रश्न उपस्थित होतो. सड्याची रेघ कड्याच्या ओठावर थांबवावी की पाझरापर्यंत न्यावी? आवरणाच्या दृष्टीने ती ओठावर संपते, कारण खाली झाडोरा सुरू होतो आणि लक्षणे बदलतात. योजनेच्या दृष्टीने मात्र पाझर हा सड्याचाच भाग होय. दोन्ही रेघा काढाव्यात, निरनिराळ्या चिन्हांनी, आणि दुसरी पावसाळा सरल्यावर, पाझर वाहता असताना, पायी जाऊन काढावी.